घरांतील चार गोष्टी : घोंगडें कसें धुवावें?

बारामती-इंदापूरच्या माळांवर चरणाऱ्या मेंढरांच्या लोकरीचीं घोंगडीं सणगर लोक हातमागावर विणीत आले आहेत. असेंच एक घोंगडें खांद्यावर टाकून माझे वडील पंढरीस जात. त्यांचे पश्चात् मीं तें सोडा घातलेल्या कढत पाण्यांत चांगलें घुसळलें. तें इतकें आटलें, कीं नातवाच्याहि पायांस पुरेना!

कारण उघड आहे. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात; ओली लोकर उष्णतेंत चोळली, कीं ते एकमेकांत अडकतात, मग सुटत नाहींत. शिवाय सोड्याचा क्षार लोकरीस खातो. मनुस्मृतीच्या ५ व्या अध्यायांत 'कुतप' नामक कांबळ्यांस अरिष्टक, म्हणजे रिठे, सांगितले आहेत, ते उगीच नव्हेत.

यास्तव घोंगडें प्रथम झटकून धूळ काढावी. रिठे फोडून, बिया टाकून, सालें रात्रभर भिजवावींत. सकाळीं कुसकरून पाणी गाळून घ्यावें. थंड पाण्यांत तें मिसळून त्यांत घोंगडें केवळ दाबावें. चोळूं नये, पिळूं नये. फेस जाईपर्यंत थंड पाण्यानेंच खळबळावें, व सावलींत आडवें पसरावें. पुरतें वाळल्यावांचून घडी घालूं नये.

माझें घोंगडें गेलें तें गेलें. वाचकांनीं आपल्या वडिलांचें तरी जतन करावें.