वस्तूचा नव्हे, पाहणाऱ्याचा पंचनामा

आकाशात काहीतरी दिसले, असे एखादा सामान्य माणूस सांगू लागला की आपल्याकडे तीन जण त्याच्यावर तुटून पडतात. पहिला पोलीस, तो अफवा पसरवण्याविषयीच्या कलमाची आठवण करून देतो. दुसरा वृत्तवाहिनीवाला, तो त्या माणसाच्या चार साध्या वाक्यांमागे परग्रहवासीयांचे चित्र लावतो आणि खाली भीतीचे संगीत सोडतो. तिसरा आमच्यातलाच, स्वतःला विवेकी म्हणवणारा सुशिक्षित. तो मंद हसून ‘शुक्र असेल’ म्हणतो आणि मोकळा होतो. नेमके काय दिसले, किती वाजता, कोणत्या दिशेला, किती वेळ, हे प्रश्न तिघांपैकी एकही विचारत नाही. आमचे भांडण या न विचारण्याशी आहे. ज्या लष्करी व्यवस्थेकडे विचारण्याची सारी साधने आहेत, पण उत्तर देण्याची सवय नाही, तिच्याशी तर विशेषच आहे.

हा वाद आम्ही बीड जिल्ह्यापासून सुरू करतो, कारण तिथे तो पुस्तकी उरलेला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अनेक गावांतून रात्री घिरट्या घालणाऱ्या दिव्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामाच्या जागेवर ड्रोन फिरल्याचा मुद्दा विधिमंडळातही निघाला. गावोगाव माणसे रात्र जागून पहारा देऊ लागली. चोर टेहळणी करतात, कुठल्याशा कंपनीचे सर्वेक्षण चालले आहे, सरकारच पाळत ठेवते आहे, असे जितके पार तितके तर्क झाले. ज्या जिल्ह्याने आदल्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ३० तारखेला, बीड आणि माजलगावात लोकप्रतिनिधींची घरे जळताना पाहिली होती, त्याने डोक्यावरच्या दिव्याकडे निर्धास्तपणे पाहावे ही अपेक्षाच अजब होती. प्रशासनाने तपासाची ग्वाही दिली आणि अफवांवर विश्वास न ठेवण्याचे आवाहन केले. पण अफवेवर विश्वास ठेवू नका असे सांगणाऱ्याने विश्वास ठेवण्याजोगे दुसरे काहीतरी हाती द्यायचे असते. ते गावाच्या हाती आले नाही.

यात काय पणाला लागलेले असते, हे महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रायबरेली जिल्ह्यात एका दलित माणसाचा जमावाने जीव घेतला. निमित्त होते त्या भागात पसरलेल्या ‘ड्रोन चोरां’च्या भीतीचे. न उलगडलेला दिवा आकाशात राहत नाही. तो खाली उतरतो, आणि उतरतो तेव्हा गावकुसाबाहेरच्या, पाल ठोकून राहणाऱ्या, रात्री रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्याच डोक्यावर उतरतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. अपरात्री प्रवास करणे आणि परक्या गावाच्या शिवारात झोपणे हे ज्यांचे नशीब, त्यांच्यासाठी ‘ते काय होते’ हा प्रश्न कुतूहलाचा नाही, जिवाचा आहे.

आता शब्दाकडे वळू, कारण गोंधळाचे मूळ तिथेही आहे. आपण ‘उडती तबकडी’ म्हणतो. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेतल्या केनेथ अरनॉल्ड नावाच्या खासगी वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चकचकीत वस्तू पाहिल्या. पाण्यावरून बशी भिरकावली तर ती जशी उसळत जाईल, तशी त्यांची गती होती असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी गतीची उपमा आकाराला चिकटवली, आणि मराठीने ती चूक तबकडीत वाढून घेतली. वस्तुतः मूळ तांत्रिक संज्ञेचा अर्थ एवढाच की उडणारी वस्तू ओळखता आलेली नाही. हे विधान वस्तूविषयी नसून आपल्या ज्ञानाच्या अवस्थेविषयी आहे. ‘अनोळखी’ याचा ‘अलौकिक’ असा अनुवाद करणारा भोळा, आणि ‘अनोळखी’ याचा ‘अस्तित्वातच नसलेले’ असा अनुवाद करणारा आढ्यताखोर. दोघेही एकाच शब्दाचा सारखाच विपर्यास करतात.

मग ओळख पटवायची कोणी? जगभर हे काम प्रथम लष्कराकडे गेले, आणि तिथेच ते बिघडले. अमेरिकी वायुदलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९५२ ते १९६९ या काळात, आधीच्या प्रकल्पांच्या नोंदी धरून, १२,६१८ घटना हाताळल्या; त्यांतल्या ७०१ शेवटपर्यंत अनोळखी राहिल्या. प्रकल्प बंद करताना सांगितले गेले की यांतून राष्ट्रीय सुरक्षेला धोका आढळला नाही. वाक्य खरे असेल. पण साक्षीदाराचा प्रश्न धोका आहे का असा नव्हताच. त्याचा प्रश्न होता, मी काय पाहिले? लष्कराला आपल्याच प्रश्नात रस असतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ आले की त्याच्या लेखी नागरिकाचा प्रश्नही संपतो. १९५३ साली सीआयएने नेमलेल्या रॉबर्टसन समितीने तर पुढचे पाऊल टाकले: लोकांचे औत्सुक्य ओसरेल असा प्रचार करावा आणि या विषयात रस घेणाऱ्या नागरी मंडळांवर लक्ष ठेवावे, अशी तिची शिफारस होती. आकाशाची चौकशी करायला बसलेली समिती पाहणाऱ्यांच्या चौकशीवर येऊन ठेपली.

याहून कडू गोष्ट १९९७ साली बाहेर आली. सीआयएच्याच इतिहासलेखनात असा दावा आला की १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चे दशक यांतल्या अशा वृत्तांतांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्याच यू-२ आणि नंतरच्या टेहळणी विमानांच्या उड्डाणांमुळे आले होते, आणि वायुदलाने लोकांना बर्फाचे स्फटिक, तापमानाचा उलटा थर अशी दिशाभूल करणारी कारणे पुरवली होती. ‘निम्म्याहून अधिक’ या मोजणीवर अभ्यासकांनी शंका घेतली आहे, ती असो. सांगणाऱ्याने स्वतःच दिलेली कबुली मात्र पुरेशी आहे. पाहणारा बरोबर होता. त्याला भ्रम झाला असे सांगणाऱ्याला सत्य ठाऊक होते. त्या देशात आज सरकारच्या कोणत्याच खुलाशावर कोणी विश्वास ठेवत नाही, याचे खापर केवळ जनतेच्या भोळेपणावर फोडता येणार नाही.

आपल्याकडची दोन उदाहरणे पाहा. २०१२ च्या ऑगस्टपासून पुढचे सहा महिने लडाखमध्ये आपल्या जवानांनी क्षितिजावर उगवणाऱ्या तेजस्वी गोळ्यांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा ते प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आले असे नोंदले गेले. चिनी हेरगिरीचा संशय होता. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या अभ्यासकांना विचारले गेले, आणि गोळे निघाले गुरू आणि शुक्र. या गोष्टीवर हसणाऱ्यांत आम्ही नाही. अपरिचित उंचीवर, विरळ हवेत, शत्रूकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला ग्रह धूर्त वाटू शकतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. जवानांनी वेळ आणि दिशा यांच्या नोंदी केल्या म्हणूनच उत्तर सापडले. आणि ते उत्तर बंदुकीच्या बाजूने न येता दुर्बिणीच्या बाजूने आले. बीडच्या शेतकऱ्याला ‘शुक्र असेल’ म्हणून हसण्यापूर्वी प्रशिक्षित सैन्याने तीच चूक सहा महिने केली होती हे आठवावे, आणि सैन्याला मिळालेला खगोलशास्त्रज्ञ शेतकऱ्याला का मिळू नये याचे उत्तर द्यावे.

दुसरे उदाहरण १९ नोव्हेंबर २०२३ चे. इम्फाळच्या विमानतळाजवळ भर दुपारी एक वस्तू दिसली. सुमारे तीन तास उड्डाणे खोळंबली, वायुदलाने शोधासाठी राफेल विमाने पाठवली. ईशान्येकडच्या हवाई कमांडने जाहीर केले की हवाई संरक्षणाची यंत्रणा कार्यान्वित केली होती आणि ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही. इथेच सार्वजनिक हकिगत थांबते. ज्या राज्यात त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून माणसे एकमेकांच्या भीतीत जगत होती, तिथे ‘नंतर दिसली नाही’ हे उत्तर आहे की उत्तराचा अभाव?

लष्कराचे गुपित उघड करा, असे आम्ही म्हणत नाही. रडारचा पल्ला, विमानांचा तळ, संदेशांची लिपी यांतले काहीही नागरिकाला नको आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(क)ने सुरक्षेचा अपवाद दिला आहे आणि तो असावाही. पण त्याच कायद्याचे कलम १० सांगते की कागदातला गोपनीय भाग वगळून उरलेला भाग द्यावा. ‘वस्तू ओळखली, ती अमुक होती’, ‘ओळखली, पण सांगता येत नाही’ किंवा ‘ओळखता आली नाही’ या तीनपैकी एक ओळ लिहिल्याने कोणती सीमा उघडी पडते? तिसरी ओळ लिहायला तर सर्वांत जास्त धैर्य लागते, आणि विश्वास सर्वांत जास्त तिच्यावरच बसतो.

हे अशक्य आहे असेही कोणी सांगू नये. फ्रान्सने १९७७ सालीच हे काम आपल्या नागरी अंतराळ संस्थेकडे सोपवले. साक्षी नोंदवण्यात तिथले पोलीसदल सहकार्य करते, आणि २००७ पासून या नोंदी लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. लांब कशाला जायचे? २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि मराठवाड्याच्या आकाशातून जळती रेघ गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. सुरुवातीला भलत्याच रॉकेटचे नाव घेतले गेले. मग अभ्यासकांनी कक्षा तपासून ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३ बी’चे अवशेष असल्याचे सांगितले, आणि इस्रोचे पथक गावात येऊन तुकडे पाहून गेले. लोकांना उत्तर मिळाले, अफवा आपोआप विरली. फरक इतकाच की तिथे कडे हाताला लागले होते. पुरावा जड होता म्हणून साक्षीदार खरा ठरला.

त्याहून जुना धडा हैदराबादचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रातून संशोधनाचे अजस्र फुगे सोडले जातात. प्लास्टिकच्या पातळ आवरणाचे, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे, तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर तरंगणारे. उपकरणे हवाईछत्रीने कुठल्यातरी शिवारात उतरतात. म्हणून ही संस्था आधीच जाहीर निवेदन देते: असे काही सापडले तर हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. नागरिकाला घाबरट किंवा अडाणी न मानता सहकारी मानणारी ही भाषा आहे. ती प्रयोगशाळेला जमते. जिल्हा प्रशासनाला आणि संरक्षण खात्याला का जमू नये?

आमच्या विवेकवादी मित्रांचा एक आक्षेप असतो: अशा नोंदी ठेवू लागलात की अंधश्रद्धेला सरकारी शिक्का मिळेल. हे उलटे आहे. अंधश्रद्धा उत्तरावर पोसली जात नाही, मौनावर पोसली जाते. आणि ही तपासणी काही अगम्य विद्या नाही. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते. दिवा क्षितिजापासून किती मुठी वर होता हे कोणीही सांगू शकते. ग्रह ताऱ्यांच्या सोबतीनेच तासाला सुमारे पंधरा अंश पश्चिमेला सरकतो. अंतराळ स्थानक काही मिनिटांत आकाश ओलांडते आणि लुकलुकत नाही. समोरून येणारे विमान बराच वेळ स्थिर भासते. नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे उपग्रह माळेसारखे एका ओळीत जातात. ड्रोन एका जागी थांबतो आणि झटक्यात वळतो. आणि पाच किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांनी एकाच क्षणी दिशा व मुठी टिपल्या, तर शाळेतल्या त्रिकोणमितीनेही वस्तूची उंची काढता येते. लहान ड्रोन खालून उडत असल्यामुळे दूरच्या रडारला बहुधा दिसतच नाही. तिथे गावकऱ्याचा डोळा हेच पहिले उपकरण आहे. त्यालाच गुन्हेगार ठरवणे म्हणजे स्वतःचा टेहळणी मनोरा पाडणे होय.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणात एक नोंदवही असावी आणि तिच्यात वेळ, दिशा, उंची, कालावधी असे चार-पाच रकाने असावेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ड्रोनला ओळख क्रमांक आणि आकाशाला रंगांचे पट्टे दिले आहेत. त्या रात्री त्या भागात कोणाला परवानगी होती, हे जिल्ह्याने तपासून सांगावे. पुण्याच्या आयुकासारख्या संस्था आणि विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग यांच्याकडे ती पाने जावीत. मार्च २०२५ मध्ये वडवणी तालुक्यातल्या खळवट लिमगावात आकाशातून दगड पडल्याची बातमी आली, तेव्हा छत्रपती संभाजीनगरहून खगोल अभ्यासक पाहायला गेलेच होते. उत्साह आहे, सोय नाही. प्रकरण वायुदलाकडे गेले तर जावे, पण तीस दिवसांत वर सांगितलेल्या तीनपैकी एक ओळ साक्षीदाराच्या पत्त्यावर परत यावी.

‘साक्षी’ या शब्दात डोळा आहे. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. न्यायालयात त्याच्या शब्दावर माणूस फासावर जाऊ शकतो. तोच माणूस मान वर करून काही पाहतो तेव्हा मात्र त्याची साक्ष अफवा ठरते. आकाशावर सत्ता सरकारची आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याच्या घरावरून दिवा फिरतो, त्याला तो कशाचा हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्या प्रश्नाचे लेखी उत्तर देणे हे सत्तेचे काम आहे.