बेत बदलणें म्हणजे धरसोड नव्हे

हातीं घेतलेला बेत मध्येंच बदलणारा मनुष्य धरसोडीचा, असा आपणांकडे समज आहे. मुलानें अर्धा निबंध खोडून तो निराळ्या रीतीनें आरंभिला, कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. हा समज सर्वस्वीं खरा नाहीं, असें आमचें नम्र मत आहे. व त्यास एका थोर संगीतकाराच्या चरित्रांत उत्तम आधार सांपडतो.

जर्मनींतील हॅम्बर्ग शहरीं १८३३ सालीं जन्मलेल्या योहान्नेस ब्राम्स यानें १८५४ सालीं दोन पियानोंसाठीं एक रचना करावयास घेतली. परंतु आपले विचार दोन पियानोंत मावत नाहींत, असें त्यास लवकरच दिसून आलें. तेव्हां तिची सिंफनी, म्हणजे अनेक वाद्यांच्या मेळासाठीं दीर्घ रचना, करावी, असा दुसरा बेत त्यानें केला. तोही तडीस गेला नाहीं. अखेरीस पियानो प्रमुख व वाद्यवृंद त्याच्या सोबतीस, असें तिसरें रूप तिला आलें. व १८५९ सालीं हानोव्हर येथें ती प्रथम वाजविली गेली.

मूळ रचनेंतील एक संथ, गंभीर भाग मात्र या नव्या रूपांत बसेना. ब्राम्सनें तो बाजूस ठेवला, पण टाकून दिला नाहीं. पुढें शोकग्रस्तांच्या सांत्वनासाठीं पवित्र शास्त्रांतील वचनें निवडून त्यानें 'जर्मन रिक्विएम' रचलें, तेव्हां मानवी जीवन गवताप्रमाणें क्षणभंगुर आहे, या अर्थाच्या वचनांस त्यानें तेच स्वर दिले. १८६८ सालीं उत्तम शुक्रवारीं ब्रेमेनच्या कॅथीड्रलांत हें रिक्विएम गाइलें गेलें. त्यानंतरही त्यांत एक नवा भाग घालण्यास तो कचरला नाहीं.

यांत धरसोड कोठें आहे? रूप बदललें, श्रम सुटले नाहींत. धरसोड्या मनुष्य अडचण येतांच काम टाकतो. खरा कारागीर काम धरून ठेवतो आणि केवळ त्याचा आकार बदलतो. हा भेद ज्यास कळला, त्यास बेत बदलण्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, खोडलेलें पान फाडूं नका. तें जपून ठेवा. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें मार्ग बदलला तर रागावण्यापूर्वीं एवढेंच पाहावें: त्यानें काम टाकलें, कीं कामाचें रूप बदललें?