लाल धूळ आणि खोकला

श्रीवर्धन तालुक्यातले ते गाव म्हणजे सड्याखालची चाळीसेक घरे, आंब्या-फणसाची झाडे आणि एक विहीर. वरच्या जांभ्यात बॉक्साइट, म्हणून खाण आली, मजुरीही आली. ते नाकारण्याचे कारण नाही. पण पाऊस सरून ट्रक सुरू झाले की कौले, पाने, वाळत घातलेली मासळी, सारे लाल.

तिथल्या एक आजी दीड महिन्याचा खोकला घेऊन आल्या. वजन घटलेले. "धुळीचाच आहे ओ डॉक्टर, आमच्यात सगळेच खोकतात." बेडका तपासला, क्षय निघाला. सहा महिने औषधे घेऊन आता बऱ्या आहेत. धुळीने दमेकरी बेजार होतो हे खरे. पण धुळीच्या नावाखाली क्षय लपतो, याची मला जास्त धास्ती वाटते. खोकला दोन आठवड्यांवर गेला की बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत.

आणि धूळ? ट्रकवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, एवढे तरी मागावेच. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणवाल्यांकडून जमणाऱ्या त्या निधीत बाधित गावांच्या पाण्याला व आरोग्याला अग्रक्रम आहे. पुढच्या ग्रामसभेत विषय काढतो, असे आजींचा मुलगा म्हणाला आहे.