भाषण लिहून द्याल काय?

गेल्या महिन्यात आम्हांस एका वाचकभगिनीचे पत्र आले. आरंभी शिरसाष्टांग नमस्कार, पुढे घरच्या मंडळींचे क्षेमकुशल आणि मग मुद्दा. तिच्या मामंजींस ऐंशी वर्षे पूर्ण होऊन वर काही महिने झाले आहेत. सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ योजिला आहे. शांतिकर्म, तुला, पंगत, सर्व ठरले. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी असेही ठरविले की, सुनांच्या वतीने धाकट्या सुनेने चार शब्द बोलावेत. ती लिहिते, 'आजवर मी दहा माणसांपुढेही कधी उभी राहिले नाही. आपण इतकी वर्षे मुलांस भाषणे शिकविलीत. तरी मजसाठी एक लहानसे भाषण लिहून द्याल काय? मी ते तोंडपाठ करीन.'

विनंती साधी आहे. आम्हांस ते अर्ध्या तासाचे काम. परंतु आम्ही ते भाषण लिहून देणार नाही. तसे का, हे चार ओळींच्या उत्तरात सांगता आले नसते. आणि अशी विनंती करणारी ही भगिनी एकटीच असेल असेही नाही. म्हणून या महिन्याचे पान त्यासाठी खर्ची घालीत आहोत.

भाषणाचे प्रकार किती, हा प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडिताने या विषयावर ग्रंथ रचिला. त्याने प्रकार पाडले ते वक्त्यावरून नव्हे, तर श्रोत्यावरून, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. समोरचा मनुष्य होऊन गेलेल्या गोष्टीचा निवाडा करावयास बसला असेल, तर ते न्यायसभेतील भाषण. पुढे काय करावे याचा निर्णय त्याला घ्यावयाचा असेल, तर ते राज्यसभेतील भाषण. आणि यांपैकी काहीच करावयाचे नसून नुसते ऐकावयाचे व मनात साठवावयाचे असेल, तर ते समारंभातील भाषण.

आमच्या महाराष्ट्रात पहिल्या दोहोंची उत्तम उदाहरणे आहेत. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी वकील न देता आपली बाजू आपणच मांडली. ते भाषण काही दिवस चालले आणि एकंदर एकवीस तासांहून अधिक झाले. त्यात आवेशापेक्षा काथ्याकूट जास्त आहे. 'केसरी'तील मराठी लेखांची सरकारी भाषांतरे कशी चुकली आहेत, अमक्या शब्दाची छटा इंग्रजीत कशी उतरली नाही, हे त्यांनी ज्यूरीस शिक्षकाच्या चिकाटीने समजावून दिले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांस दोषी ठरविले, ही गोष्ट निराळी. परंतु निवाडा करणाऱ्यापुढे बोलताना शब्दाशब्दाचा हिशेब द्यावा लागतो, हे त्यांनी जाणले होते.

दुसऱ्या प्रकारात नामदार गोखले. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तिजोरीतील शिल्लक ही प्रजेच्या सुबत्तेची खूण नसून वाजवीपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, हा त्यांचा मुद्दा. मिठावरील कर कमी करावा, ही मागणी त्यांनी आकड्यांच्या आधारे मांडली आणि पुढील वर्षी, १९०३ साली, तो कर काहीसा उतरला. या आकड्यांच्या अभ्यासात त्यांस गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य असे. जोशी हे सरकारी शाळेतील हेडमास्तर. आम्हां मास्तर मंडळींस याचा अभिमान वाटतो, हे कबूल केलेले बरे. त्याच जातीचे पुढील काळातील भाषण म्हणजे डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे, संविधान सभेतील. नवे संविधान टिकवावयाचे तर पुढे काय टाळावे, हे त्यांनी त्यात बजावले. दोन्ही ठिकाणी दृष्टी उद्यावर आहे.

व्याख्यान हा आणखी एक प्रकार, ज्ञानार्थ ऐकावयाचा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून आमच्याकडे त्याची आवड रुजली. त्याआधी हे काम कीर्तनकार करीत. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान, ही वाटणी आजच्या कित्येक व्याख्यात्यांनीही उचलावी अशी आहे.

परंतु गृहस्थाश्रमी मनुष्याच्या वाट्यास येणारी बहुतेक भाषणे समारंभातील. मुंज, विवाह, साठीशांत, निवृत्तीचा निरोप, शोकसभा. येथे निवाडा करावयाचा नाही, ठरावही मंजूर करावयाचा नाही. ज्याच्याविषयी बोलावयाचे तो मनुष्य ऐकणाऱ्यांस ठाऊकच असतो. मग नवीन ते काय सांगावयाचे? तर आपल्याला तो कसा दिसला, एवढेच. ते दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. आणि म्हणूनच ते दुसऱ्या कोणास लिहूनही देता येत नाही.

आता बोलण्याच्या पद्धती. त्या चार. लिहिलेले वाचणे, पाठ केलेले म्हणणे, आयत्या वेळी सुचेल ते बोलणे, आणि मुद्द्यांचे टिपण हाती ठेवून बोलणे.

अध्यक्षीय भाषणासारख्या ठिकाणी, जेथे शब्द पुढे छापले जातात व त्यांवर वाद होतात, तेथे वाचणे योग्यच. इतरत्र मात्र वाचणाऱ्याची नजर कागदात आणि श्रोत्यांची घड्याळात, असे होते. आयत्या वेळी बोलणे ऐकावयास गोड, परंतु ते खरोखर आयत्या वेळचे नसते. ज्याने तो विषय वर्षानुवर्षे मनात घोळविला, त्यालाच ते साधते. बाकीच्यांचे गुऱ्हाळ होते; आणि ज्याने तयारी केली नाही तोच सर्वांत जास्त वेळ बोलतो, असा आमचा अनुभव आहे.

राहिले पाठांतर. आमच्या संस्कृत परंपरेत पाठांतराचे महत्त्व मोठे. आम्ही स्वतः त्यातच वाढलो. परंतु त्याच परंपरेतील पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारचे अधम पाठक सांगितले आहेत. गाऊन म्हणणारा, घाई करणारा, मान हलविणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक गळ्याचा. हे सहाही दोष आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत असू. त्यांतील पाचव्याचा अर्थ मात्र आम्हांस फार उशिरा कळला.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. १ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी. इयत्ता आठवीतील एक मुलगा आम्ही निवडला. आवाज खणखणीत, स्मरण उत्तम. भाषण आम्ही लिहिले. समासांनी भरलेले, आमच्या विद्वत्तेस शोभेल असे. आठ दिवस त्याच्याकडून ते घोकून घेतले. कोठे हात वर करावयाचा, कोठे थांबावयाचे, तेही ठरवून दिले. त्या दिवशी दोन परिच्छेद त्याने धडाधड म्हटले. तिसऱ्यात 'किंकर्तव्यमूढ' हा शब्द होता. तेथे तो अडला. आम्ही बाजूने शब्द सांगितला. त्यास तो ऐकू आला नाही. आम्ही मोठ्याने सांगितला. तो सर्व सभेस ऐकू आला. सभा हसली. मुलाने एकवार आमच्याकडे पाहिले आणि तो खाली उतरला.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यास म्हणालो, "माझी आठ दिवसांची मेहनत वाया घालवलीस." तो काही बोलला नाही. त्यानंतर शाळेत असेपर्यंत तो व्यासपीठावर चढला नाही. आम्हीही त्यास पुन्हा विचारले नाही. 'माझी मेहनत' असे आम्ही म्हणालो, यातच ते भाषण कोणाचे होते हे आले. परंतु ते तेव्हा ध्यानात आले नाही.

पुढे वाचनात आले की, चर्चिलसारख्या वक्त्याचीही २२ एप्रिल १९०४ रोजी हीच गत झाली होती. ते तेव्हा एकोणतीस वर्षांचे. पार्लमेंटात पाठ केलेले भाषण म्हणता म्हणता धागा तुटला, काही केल्या पुढचे शब्द आठवेनात, आणि ते सभासदांचे आभार मानून खाली बसले. तेव्हापासून महत्त्वाच्या भाषणास ते सविस्तर टिपणे जवळ बाळगीत. आमच्या विद्यार्थ्यास टिपणाचा हा मार्ग आम्ही दाखविला नव्हता.

तो मार्ग कसा असावा, याचा उत्तम नमुना एका मराठी मुलीने घालून दिला आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील सेरामपूर येथील कॉलेजात इंग्रजीत भाषण केले. वय सतरा. वैद्यकी शिकण्यासाठी त्या अमेरिकेस निघाल्या होत्या आणि भोवतालचा समाज बोटे मोडीत होता. त्यांनी अलंकारांचा खटाटोप केला नाही. लोक आपणांस जे प्रश्न विचारतात, त्यांतील सहा निवडले. अमेरिकेस का जाता? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परतल्यावर जातीबाहेर पडाल त्याचे काय? संकट आले तर? कोणा स्त्रीने आजवर जे केले नाही ते तुम्हीच का करावे? मग एकेक प्रश्न घेऊन त्यांनी उत्तर दिले. प्रश्न आठवला की उत्तर आपोआप येते, कारण ते आपलेच असते. शब्द चुकला तर दुसरा शब्द मिळतो. वाट हरवत नाही.

उभे राहण्याविषयी थोडेसे. किष्किंधेत हनुमंताचे पहिले बोलणे ऐकून श्रीराम लक्ष्मणापाशी त्याची वाखाणणी करतात. ती वाखाणणी म्हणजे वक्त्यांसाठी एक धडाच आहे. बोलताना त्याच्या मुखावर, डोळ्यांत, भिवयांत कोठे दोष दिसला नाही. बोलणे लांबले नाही, संदिग्ध झाले नाही, रेंगाळले नाही, घाईतही झाले नाही. आजच्या सभेस यात एवढीच भर घालावी की, ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर दूर असावा आणि त्यावर ओरडू नये. शेवटच्या रांगेतील एखाद्या आजींकडे पाहून पहिले वाक्य सावकाश म्हणावे. 'मला बोलता येत नाही' असे म्हणून आरंभ करू नये. ते लोकांस पुढे कळावयाचे असेल तर कळेलच. आणि 'दोनच शब्द' म्हणून अर्धा तास घेऊ नये. अमेरिकेत गेटिसबर्ग येथे १९ नोव्हेंबर १८६३ रोजी एव्हरेट नामक नामांकित वक्ते दोन तास बोलले. त्यांच्यामागून अध्यक्ष लिंकन दोन-तीन मिनिटे बोलले, सुमारे पावणेतीनशे शब्द. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनीच लिंकन यांस पत्र लिहून त्या भाषणाची थोरवी मान्य केली. जग आज कोणाचे भाषण वाचते, हे सांगावयास नको.

आता पुन्हा त्या मुलाकडे. गेल्या वर्षी आमचे एक जुने सहकारी, गणिताचे शिक्षक, वारले. शोकसभा भरली. आम्ही बोललो; व्यवस्थित बोललो. मग मागील रांगेतून एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ उठला. आम्ही त्यास ओळखले. हाती कागद नव्हता. तो म्हणाला, वडिलांची नोकरी सुटली त्या वर्षी सर दर रविवारी संध्याकाळी घरी येत आणि दुकानाच्या जुन्या बिलांच्या पाठीवर गणिते सोडवून घेत. आई फीविषयी विचारी तेव्हा म्हणत, "वहिनी, मांडून ठेवा, पोरगा फेडील." येथे त्याचा गळा दाटला आणि तो थांबला. बराच वेळ थांबला. सभेत कोणी हसले नाही, कोणी शब्द सांगितला नाही. सर्व जण नुसते थांबले. मग तो म्हणाला, "ती फी अजून फिटली नाही," आणि खाली बसला. सारे चार मिनिटांत झाले.

सभा संपल्यावर आम्ही त्याच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "त्या पुण्यतिथीला चूक माझी होती रे." त्याने वाकून नमस्कार केला. "सर, ते भाषण मला अजून पाठ आहे," तो हसून म्हणाला. "फक्त तो अडलेला शब्द. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तुम्हांला विचारायचा धीर झाला नाही."

तेव्हा चि. सौ. भगिनी, तुमचे भाषण आम्ही लिहून देत नाही ते या कारणाने. त्याऐवजी चार प्रश्न देतो. या घरात प्रथम आलात तेव्हा मामंजी तुमच्याशी पहिल्याने काय बोलले? त्यांची कोणती सवय आरंभी जाचक वाटली आणि आता नसली तर चुकल्यासारखे होईल? तुमच्या अडचणीच्या वेळी त्यांनी कोणास न सांगता काय केले? आणि तुमच्या मुलांनी त्यांच्यापासून काय उचलावे असे तुम्हांस वाटते? हे चार प्रश्न एका चिठ्ठीवर लिहा आणि ती मुठीत ठेवा. उत्तरे लिहू नका. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, एकदोनदा मोठ्याने बोलून पाहा. दर वेळी शब्द निराळे आले तर चांगलेच आहे. ज्या शब्दाचा अर्थ घरातील सर्वांत लहान मुलास विचारता येणार नाही, तो वापरू नका.

आणि मध्येच थांबावे लागले तर खुशाल थांबा. समोर तुमच्याच घरची माणसे आहेत, ती थांबतील.