पुलाचाही ‘रक्तदाब’ मोजायला हवा

उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे काही न जाणवता शरीर पोखरतो. म्हणूनच त्रास नसतानाही तो मोजायचा असतो. खाडीवरच्या पुलांनाही हाच नियम लावायला हवा.

गेल्या पन्नास-साठ वर्षांतले बरेच मोठे पूल ‘प्रीस्ट्रेस्ड’ काँक्रीटचे आहेत. पुस्तकांची रांग दोन्ही बाजूंनी दाबून धरली की अधांतरी उचलता येते. इथे दाबण्याचे काम काँक्रीटमधल्या, जोराने ताणलेल्या पोलादी तारा करतात. वयोमानाने हा ताण थोडा सैलावतो; त्याचा हिशेब अभियंत्यांनी आधीच केलेला असतो. खरा धोका गंजाचा. साधी सळई गंजली की फुगते, काँक्रीटला तडे जातात, तांबूस डाग दिसतात. या तारा मात्र बहुधा नळीत असतात. नळीत सिमेंटचा रस नीट भरला नसेल, तर पोकळीत खारे पाणी शिरते आणि बाहेर काहीही न दिसता तारा तुटू लागतात.

पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल वीस वर्षांचाही नव्हता, तेव्हा 5 जुलै 1986 रोजी कोसळला. तारांचा गंज हे त्यामागचे मोठे कारण मानले गेले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा भाग 11 सप्टेंबर 2024 च्या पहाटे पडला. तिथेही आतल्या तारा तुटल्या होत्या. वेळ पहाटेची, म्हणून माणसे वाचली.

जयगडहून तवसाळला आज फेरीबोटीने जावे लागते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात इथल्या खाडीवरही पूल आखला आहे. तो व्हायलाच हवा. अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रुग्ण बोटीची वाट पाहू शकत नाही. पण खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस त्या पुलाच्याही वाट्याला येणार.

म्हणून बाळाच्या लसीकरण कार्डासारखे पुलाचेही कार्ड पहिल्या दिवसापासून हवे. नळ्या नीट भरल्याची नोंद, ठरावीक वर्षांनी तारांची तपासणी आणि तार तुटल्याचा आवाज टिपणारी यंत्रे हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. निष्कर्ष फाइलीत न ठेवता सोप्या मराठीत जाहीर करावेत. रंगरंगोटी आणि खड्डे बुजवणे म्हणजे तपासणी नव्हे. रुग्णाचा चेहरा टवटवीत दिसतो म्हणून कोणी त्याचा रक्तदाब मोजायचे सोडत नाही.