चुकीच्या निवडीची किंमत

दोन चांगल्या ठिकाणी नंबर लागला की घरात आनंदाआधी वाद सुरू होतो. रँकिंग काय, प्लेसमेंट किती, फी कुठे परवडेल? पुण्याने असा पेच १८८५ मध्येच पाहिला. त्या वर्षी २ जानेवारीला फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. तोवर शहरात वजन होते सरकारी डेक्कन कॉलेजचे. १८२१ च्या संस्कृत पाठशाळेपासूनची परंपरा, जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभी राहिलेली येरवड्याची इमारत, इंग्रज प्राध्यापक. फर्ग्युसनकडे होते तुटपुंज्या पगारावर शिकवायला तयार असलेले तरुण. त्यांतले टिळक आणि आगरकर तर डेक्कनचेच विद्यार्थी.

पुढचा इतिहास सर्वांना चकवणारा निघाला. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे फर्ग्युसनचे विद्यार्थी होते आणि शिकवायला तिथेच परतले. डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, तेव्हा १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. म्हणजे नव्याच्या मागे जावे, असे कोणी म्हणेल. पण रानडे आणि भांडारकर सरकारी एल्फिन्स्टनमधून घडले. नामवंतांच्या याद्या दोन्ही बाजूंना निघतात. त्यांवरून फार काही ठरत नाही.

ठरते ते एका वेगळ्याच गोष्टीवरून. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, मग डेक्कनमध्ये, आणि १८८४ मध्ये पदवीधर झाले ते एल्फिन्स्टनमधून. तीन कॉलेजे होऊनही वर्ष वाया गेले नाही, कारण परीक्षा आणि पदवी एकाच मुंबई विद्यापीठाची होती. १८५७ साली लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले हे विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षाच घेई. त्याचे तोटे उघड होते. शिकवणारा एक, प्रश्न काढणारा दुसरा, त्यामुळे घोकंपट्टी फोफावली. पण कॉलेज चुकले तरी मुलगा अडकून पडत नसे.

आज ती सोय उरलेली नाही. स्वायत्त महाविद्यालये आणि खासगी विद्यापीठे आपापले अभ्यासक्रम आखतात, परीक्षाही स्वतःच घेतात. शिक्षकाचे हात मोकळे झाले, हे चांगलेच झाले. मात्र पहिल्या वर्षानंतर संस्था बदलायची म्हटली तर विषय जुळत नाहीत, जागा नसतात, फी बुडते. २०२१ मध्ये सुरू झालेली ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स याच दुखण्यावरचे औषध आहे. पण क्रेडिट खात्यात जमा होणे वेगळे आणि दुसऱ्या संस्थेने ते मान्य करून मुलाला दुसऱ्या वर्षात बसवणे वेगळे.

म्हणून दोन विद्यापीठांत निवड करताना प्लेसमेंटच्या आकड्यांइतकाच हाही प्रश्न विचारावा: इथून बाहेर पडायचे झाले तर केलेला अभ्यास कुठे धरला जाईल? दुसऱ्या वर्षाला बाहेरून किती मुले घेतली जातात, हे प्रत्येक संस्थेने प्रवेशपुस्तिकेत छापणे सरकारने सक्तीचे करावे. अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय चुकू शकतो. त्याची शिक्षा तीन-चार वर्षांची असू नये.