अरण्यातील डास आणि नवी पेठेतील पिंपे

ब्राझीलच्या अरण्यात माकडे मेली, तर सोलापूरच्या नवी पेठेतील व्यापाऱ्याला त्याचे काय? प्रश्न वरवर रास्त वाटतो. यलो फीवर म्हणजेच पीतज्वराची साथ भारतात आजवर आलेली नाही. परंतु शहरांतून हा रोग फैलावणारा एडिस इजिप्ती डास येथे मुबलक आहे. डेंग्यूने त्याची ओळख घरोघर करून दिली आहे. वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाचे पाणी मिळालेल्या गावात दुकानामागे पिंप भरून ठेवणे ही निकडच होय, आणि नेमक्या त्याच साठवणीत हा डास वाढतो.

पीतज्वराचे मूळ मात्र शहरात नाही. एडिस नसलेल्या भागातही तो होतो, हे १९३२ साली ब्राझीलमध्ये उघडकीस आले. विषाणू माकडे आणि झाडांच्या शेंड्यांवर वावरणारे रानडास यांच्यात नांदतो. लाकूडतोड्या त्यात अपघाताने सापडतो. म्हणून संशोधक रानात डास पकडतात, जातवार निवडतात आणि त्यांचे लहान लहान गट वाटून त्यांत विषाणू शोधतात. माणूस आजारी पडण्यापूर्वी मिळणारी ही सूचना अमोल असते. २०१७ मध्ये साओ पावलो येथे एका मृत माकडात विषाणू आढळताच वनोद्यान बंद करून लसीकरण सुरू झाले. याउलट २०१६ मध्ये अंगोलातील साथ लुआंडासारख्या महानगरात भडकली. तेथून परतलेल्या कामगारांबरोबर रोग चीनपर्यंत पोहोचला आणि लस अपुरी पडल्याने शेजारच्या किन्शासात एकपंचमांश मात्रेवर भागवावे लागले.

आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पीतज्वराच्याच शंकेने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला. निघाला गोचिडींतून पसरणारा निराळाच विषाणू. तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात अवतरला!

अशा पाहणीची अर्थशास्त्रीय अडचण अशी की, ज्या वर्षी काही सापडत नाही त्या वर्षीचा खर्च अंदाजपत्रकात वायफळ दिसतो आणि कात्री प्रथम त्यालाच लागते. साथ आल्यावरचा खर्च मात्र कोणी विचारीत नाही. सह्याद्रीच्या रानांतील डास, गोचिडी व माकडे यांच्या तपासणीसाठी राज्याने कायम तरतूद करावी, आणि सोलापूर महापालिकेने पिंपे तपासण्यासाठी डेंग्यूच्या पहिल्या रुग्णाची वाट पाहू नये. नळाला रोज पाणी आले, तर ती पिंपे व्यापारी स्वतःच काढून टाकतील.